शिडीखालचं देऊळ आणि गॅरेजमधली डबी

शुभा,

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून दिलं. 'सदा हसतमुख', 'सर्वांच्या मदतीला तत्पर' असं सगळं आहे त्यात. वाचून तू म्हणाली असतीस, कोण गं ही बाई? तू सदा हसतमुख नव्हतीस, आणि मदत करायचीस ती आधी अर्धा तास कुरकुर करून. पण अंकासाठी लिहायचं म्हणजे असंच लिहितात. त्यात न्यू मेक्सिकोबद्दल एकच वाक्य आहे: 'आम्ही दोघींनी एकत्र प्रवासही केला.' त्या वाक्यात जे बसलं नाही ते इथे लिहिते आहे. हे छापायला द्यायचं नाही.

तुला जाऊन तेवीस दिवस झाले. जानेवारीच्या शेवटी पोटात दुखतंय म्हणालीस आणि मार्चच्या मध्यावर संपलं. मधले सहा आठवडे मी काय केलं ते तुला माहीत आहे. डब्यांचं वेळापत्रक केलं, भेटायला येणाऱ्यांची यादी केली, औषधांच्या वेळा फ्रिजवर चिकटवल्या. लागोपाठ चार दिवस खिचडी आली तेव्हा तू म्हणालीस, "मंजू, तुझ्या शीटमध्ये भाजीचा कॉलम नाही का?" मी तो घातला. ज्या दिवशी घातला त्या दिवसापासून तुझं खाणं बंद झालं.

रडले नाही. तुला आश्चर्य वाटणार नाही. फ्युनरल होमच्या फॉर्मवर तुझ्या वडिलांचं पूर्ण नाव हवं होतं, विलासला स्वतःच्या सासऱ्यांचं नाव आठवेना, मला आठवलं. एवढं उपयोगी पडले.

पण एक काम माझ्याकडून झालेलं नाही, आणि ते आठ वर्षांचं आहे. आता तू नसताना त्याबद्दल बोलायला सोपं जातंय, हीच पहिली लाज.

आपण न्यू मेक्सिकोला गेलो त्या वर्षी तुझी सई आणि माझी ऋचा कॉलेजला गेल्या होत्या. नवऱ्यांना म्हटलं, चार दिवस तुमचं तुम्ही बघा. डेट्रॉइटजवळच्या आपल्या ट्रॉयमधल्या ओळखीत कोणी दोघी बायकांनी असं जायची पद्धत नव्हती. "दोघीच?" असं सगळ्यांनी विचारलं. तू प्रत्येकीला वेगळं उत्तर दिलंस. एकीला सांगितलंस की मंजूला ऑफिसचं काम आहे, दुसरीला सांगितलंस की माझ्या गुडघ्याला कोरडी हवा सांगितलीय. मी एक्सेलमध्ये चार दिवस बसवले. किती वाजता निघायचं, कुठे पेट्रोल भरायचं, कुठे थेपले खायचे. तू ते बघून म्हणालीस, "यात श्वास कधी घ्यायचा ते लिहिलं नाहीस." मी म्हटलं, ड्राइव्हमध्ये. तुमच्या नागपूरच्या माणसांना दुपारी दोन तास आडवं व्हायला लागतं, तेही बसवू का? तू म्हणालीस, "आमच्याकडे उन्हाळा असते बाई. पुण्याला काय असते? नुसता अभिमान."

तिसऱ्या दिवशी ते दगडी गाव होतं. नऊशे वर्षांपूर्वी बांधलेलं, वाळवंटी माळावर, शेकडो खोल्यांचं. दरवाज्यावरच्या पाटीवर 'प्रागैतिहासिक' लिहिलं होतं आणि तुझं तिथेच सुरू झालं.

"नऊशे वर्षं म्हणजे प्रागैतिहासिक? तेव्हा आपल्याकडे हेमाडपंती देवळं चालू होती."

"यांनी लिहून ठेवलं नाही म्हणून."

"म्हणजे ज्यानं लिहिलं नाही त्याला इतिहासच नाही? माझ्या आजीनं कधी काही लिहिलं नाही. ती पण प्रागैतिहासिक?"

मी म्हटलं, टूर सव्वाअकराला आहे, आजीचं नंतर बघू.

टूरवर आपण दोघी आणि टेक्सासचं एक वयस्कर जोडपं, एवढेच होतो. दाखवणाऱ्या बाई साठीच्या असतील. हॅटखाली घट्ट वेणी, आवाज हळू, घाई अजिबात नाही. त्या म्हणाल्या, पाटीवर काहीही लिहिलेलं असो, इथले लोक कुठे गेले असं मला रोज कोणीतरी विचारतं. आम्ही कुठेच गेलो नाही. मी इथून तीन तासांवरच्या गावात राहते आणि माझ्या नातीचं नाव आमच्या भाषेतलं आहे. तू माझ्याकडे बघितलंस. म्हणजे, बघ, मी काय म्हणत होते.

मग त्यांनी किवा दाखवली. जमिनीतली गोल खोली. वरून फक्त सपाट मातीचं छप्पर दिसतं आणि मधोमध एक चौकोनी भोक, त्यातून बाहेर आलेली शिडीची दोन टोकं. हेच त्यांचं देऊळ. आत उतरायच्या आधी त्या बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, की शेजारच्या खोल्यांच्या जमिनीखाली आणि वापर संपलेल्या एका किवामध्येसुद्धा पुरलेली माणसं सापडली आहेत. तेव्हा आपण कोणाच्या तरी घरात आणि कोणाच्या तरी स्मशानात एकाच वेळी उभे आहोत हे लक्षात ठेवा. दुसरी, की खाली काहीही ठेवून यायचं नाही.

"लोक स्फटिक ठेवतात, नाणी ठेवतात," त्या म्हणाल्या. "कोणी आपल्या माणसाची राख सोडून जातात. हेतू चांगला असतो. पण तुमचं माणूस तुम्ही आमच्या पूर्वजांच्या घरात ठेवून गेलात, तर त्याचं पुढे काय करायचं ते आम्हाला ठरवावं लागतं. आम्हाला ते जड जातं."

मी ते नीट ऐकलं. मला नियम सांगितलेले आवडतात. तू पण ऐकलंस, मी बघितलं. तुझा हात पर्सवर होता.

पर्समध्ये काय आहे हे मला माहीत होतं. ट्रॉयमध्ये ते माहीत असलेली, तुझ्या घराबाहेरची, मी एकटीच होते.

तुझी आई त्या प्रवासाच्या तीन वर्षं आधी नागपूरला वारली होती. तेव्हा तुमची ग्रीन कार्डं अडकलेली होती. देश सोडलास तर परत येता येईल याची वकील खात्री देईना. सई शाळेत. विलास म्हणाला तू ठरव, म्हणजे त्यानं काहीच ठरवलं नाही. तू गेली नाहीस. भावानं सगळं फोनवर दाखवलं. अस्थी रामटेकला अंबाळ्याच्या तळ्यात सोडल्या आणि चिमूटभर तुझ्यासाठी मागे ठेवल्या. चार महिन्यांनी कोणाच्या तरी काकू येत होत्या त्यांच्याबरोबर पाठवल्या. कुंकवाची असते तसली, फिरकीच्या झाकणाची स्टीलची डबी. काकूंना आत काय आहे ते सांगितलं नव्हतं. त्यांनी ती लोणच्याच्या बरणीजवळ ठेवून आणली, हे सांगताना तू रडत होतीस आणि हसतही होतीस.

अस्थी घरात आणायच्या नसतात. गावाला झाडाला टांगून ठेवतात. ट्रॉयला कुठल्या झाडाला टांगणार? कॉलनीचे होमओनर्स असोसिएशनवाले पक्ष्यांच्या घरट्यासाठीसुद्धा परवानगी घ्यायला लावतात. शेवटी तू ती गॅरेजमध्ये ठेवलीस, विलासच्या पान्ह्यांच्या वरच्या फळीवर. मी म्हटलं, गॅरेज घराचाच भाग असतो, इन्शुरन्समध्येसुद्धा धरतात. तू म्हणालीस, "चपला घालून जातो ना तिथे? मग नाही ते घर."

नदी कुठली, हे तुझं तीन वर्षांत ठरलं नाही. डेट्रॉइटच्या नदीत नको, तिकडे कारखाने. तळ्यात नको, हिवाळ्यात गोठतं, आईला थंडी सोसायची नाही. मी दोन-तीनदा पर्याय काढून दिले, अंतरासकट. तू ऐकून घ्यायचीस आणि डबी फळीवरच राहायची. पण लांब कुठे जाताना ती पर्समध्ये घालायचीस. शिकागोला नेलीस, नायगाऱ्याला नेलीस. तिथे वाटलं होतं सोडशील. परत आणलीस.

शिडीवरून तू उतरलीस तो प्रकार मी विसरणार नाही. गुडघा दुखत होता, कुर्त्याचा घेर पायात येत होता. वरून मी सूचना देत होते. तू थांबून वर बघून म्हणालीस, "मंजू, तू बोलू नको, मला पडायला पण वेळ मिळून राहिला नाही." टेक्सासच्या आजोबांनी खालून हात धरला तर त्यांना मराठीत "थँक यू हं काका" म्हणालीस.

आत थंड होतं. मे महिन्याच्या उन्हातून उतरल्यावर एकदम माठात शिरल्यासारखं. डोळे सरावायला वेळ लागला. भिंतीलगत गोल ओटा होता, मध्ये चूल, चुलीपलीकडे जमिनीत मुठीएवढं भोक. बाई म्हणाल्या, या भोकातून आमचे लोक पहिल्यांदा वर आले असं आम्ही मानतो. वरच्या चौकोनातून उजेडाचा एक तुकडा खाली पडला होता, तोही त्या भोकापर्यंत पोचत नव्हता.

तू ओट्यावर बसलीस आणि हळूच मला म्हणालीस, "यांचे देव आणि यांची गेलेली माणसं एकाच घरात राहतात. सुतक नसेल काय यांना?"

तुझ्या सुतकावरून आपलं भांडण झालं होतं ते अजून ताजं होतं. आई गेल्यावर तू तेरा दिवस देवळात गेली नव्हतीस. भजनाला आली नाहीस, आमच्याकडच्या पूजेला आली नाहीस. मी म्हटलं होतं, इथे कोण बघतंय? तू म्हणाली होतीस, "मी बघते ना." आणि मग, "माणूस गेल्यावर देवाजवळ जावंसं वाटते आणि नेमकं तेव्हाच जायचं नाही. हे कोणी ठरवलं?" त्या ओट्यावर मला कळलं की तुला तुझं उत्तर सापडलंय. कळलं, आणि मी घड्याळ बघितलं. दोन वाजता आपल्याला पुढच्या ठिकाणी पोचायचं होतं. नव्वद मैल.

बाई जोडप्याला छपराची लाकडं दाखवत होत्या. तू उठलीस, चुलीला वळसा घालून गेलीस, गुडघा दुखत असताना त्या भोकाजवळ खाली बसलीस, आणि पर्समधून डबी काढलीस. दोन्ही हातांत धरलीस. अंगठा झाकणावर होता.

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटाचं आहे. ते मी इतक्या वेळा मनात चालवलंय की आता त्यातलं मूळचं किती आणि माझं किती ते सांगता येणार नाही. पण शब्द आठवतात.

"शुभा, नाही."

"काय नाही?"

"ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या?"

"ऐकलं. तू माझं ऐक ना दोन मिनिटं..."

"दोन मिनिटं नाहीत आपल्याकडे. आण ती इकडे."

आणि मी ती तुझ्या हातातून घेतली. लहान मुलाच्या हातातून कात्री घेतात तशी. कमरेच्या पाऊचमध्ये टाकली आणि चेन ओढली. चेनचा आवाज त्या गोल खोलीत केवढा मोठा झाला. टेक्सासच्या आजींनी वळून बघितलं. त्या बाईंनीही बघितलं. तू उठायला हात मागितला नाहीस. जमिनीला टेकून उठलीस, शिडी चढलीस, वर जाऊन उन्हात उभी राहिलीस.

मी बरोबर होते, असं मी आठ वर्षं म्हणत आले. त्यांचं देऊळ, त्यांची माणसं, त्यांनी स्पष्ट सांगितलेलं. आपल्या देवळात कोणी परक्यानं येऊन असं केलं असतं तर आपल्याला चाललं असतं का? आजही मी तेच म्हणेन. राख तिथे सांडायची नव्हती.

फक्त तू ती सांडणार होतीस का, हे मी विचारलं नव्हतं.

नव्वद मैल आपण बोललो नाही. थेपले खाल्ले. लोणचं देशील का, म्हणालीस, दिलं. संध्याकाळी तू एकदम नेहमीसारखी झालीस, मोटेलच्या कॉफीला नावं ठेवलीस, आणि मी सुटले असं मला वाटलं.

डबी माझ्या पाऊचमध्येच राहिली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर सिक्युरिटीच्या माणसानं ती बाहेर काढून विचारलं, हे काय? मागे रांग होती. मी म्हटलं, मसाला. त्यानं बाहेरून कागदाची पट्टी फिरवली, मशीनमध्ये घातली, परत दिली. तू माझ्या मागेच उभी होतीस, बुटांचा ट्रे हातात घेऊन. तुझ्या आईला मी मसाला म्हणाले होते.

बूट घालताना मी डबी तुझ्यापुढे धरली. तू लेस बांधत होतीस, वर न बघता म्हणालीस, "ठेव तुझ्याकडेच. तुझ्याकडे सगळं नीट राहते."

तो टोमणा होता असं मी धरलं. तुझ्याकडून आलेलं नव्वद टक्के बोलणं टोमणाच असायचं, त्यामुळे माझी चूक असलीच तर समजून घेण्याजोगी होती. राग उतरला की मागेल, असं म्हणून घरी आणली. माझ्या गॅरेजमध्ये प्रत्येक खोक्यावर लेबल असतं: ख्रिसमस दिवे, गणपतीचं मखर, बर्फाचं मीठ. लेबल नसलेली वस्तू नवरा फेकून देतो. या डबीवर काय लिहायचं ते सुचेना. 'शुभाची आई' लिहिणं बरं वाटेना. म्हणून लेबलच्या मशीनमधून 'शुभा' एवढंच काढलं, चिकटवलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. तुझी वस्तू, तुझं नाव, असा सरळ विचार.

तू मागितली नाहीस. मी दिली नाही. आधी तुझ्या मागण्याची वाट बघितली, मग इतके दिवस झाल्यावर आपण होऊन देणं म्हणजे त्या दिवसाचं बोलणं पुन्हा काढणं, म्हणून राहिलं. दरम्यान आपलं सगळं चालू होतं. तू माझ्याकडे चकल्या घेऊन यायचीस, मी तुझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचे, ऋचाच्या लग्नात मांडवातली अर्धी भांडणं तू मिटवलीस आणि अर्धी लावलीस. आठ वर्षांत माझ्या गॅरेजमधून किती वेळा गेली असशील. बाहेरच्या फ्रिजमधून कोथिंबीर काढून घेऊन जायचीस. फळी फ्रिजच्या बरोबर वर होती. तू कधी मान वर केलीस का, हे मी कधी बघितलं नाही, कारण त्या वेळी मी दुसरीकडे बघत असायचे.

हॉस्पिटलमध्ये एकदा, विलास कॉफी आणायला गेला होता, तू विचारलंस, "ते आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

"बरं."

तेवढ्यात नर्स आली. ती गेल्यावर मी तुझी उशी नीट केली, पाण्याची बाटली भरली, आणि पार्किंगचं तिकीट संपतंय म्हणून निघाले. निघाले, शुभा. तिकीट वाढवता येतं फोनवरून, मला माहीत होतं.

तुझं सगळं झाल्यावर चौथ्या दिवशी फ्युनरल होमवाल्यांनी तुझ्या राखेचं खोकं दिलं. काळं प्लॅस्टिकचं, वर छापील चिठ्ठी. विलासनं ते घेतलं आणि दारात उभा राहून मला विचारलं, "मंजू, हे घरात आणायचं नसतं ना?" मी म्हटलं, नसतं, गॅरेजमध्ये ठेव. त्यानं ठेवलं. पान्ह्यांच्या वरच्या फळीवर. त्या फळीवर आधी कोण होतं ते त्याच्या लक्षात नव्हतं, किंवा असेलही. विलासचं तसं काही सांगता येत नाही.

घरी आले, गाडी आत घेतली आणि समोर माझ्या फळीवर तुझं नाव. पांढऱ्यावर काळं. आठ वर्षं रोज दिसत होतं, तू धडधाकट असताना मी राखेच्या डबीवर तुझं नाव चिकटवून ठेवलंय हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. गाडी बंद केली आणि तशीच बसून राहिले. शकुन-अपशकुन मी मानत नाही. तरी दुसऱ्या दिवशी नखानं ते लेबल काढायला गेले. अर्धं निघालं. 'भा' राहिलं.

काल शनिवार होता. सकाळी डबी घेऊन तुझ्याकडे गेले. दहा वाजता टायरवाल्याची अपॉइंटमेंट होती, बर्फाचे टायर काढायची. वाटेत पाच मिनिटं थांबून सईच्या हातात डबी देईन, थोडक्यात सांगेन, निघेन, असं ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा तयार केली होती. सई आज तिच्या नोकरीच्या गावी परत जाणार, त्यामुळे कालच जमवायला हवं होतं.

सई गॅरेजमध्येच होती, शटर उघडं टाकून तुझे बागेचे हातमोजे वेगळे करत होती. माझ्या हातातली डबी बघितली आणि म्हणाली, "ओह. यू ब्रॉट आजी."

मी तयार केलेली वाक्यं राहिली.

"तुला माहीत होतं?"

"ऑफ कोर्स. मॉम सांगायची ना, आजी मंजूमावशीकडे आहे. शी सेड इट लाइक, आजी चांगल्या हॉटेलमध्ये आहे." मग जरा हसली. "तिनं सांगितलं, मावशीच्या गॅरेजमध्ये धूळसुद्धा विचारून बसते."

मी विचारलं, "न्यू मेक्सिकोचं सांगितलं होतं का?"

सईनं मोजे खाली ठेवले. तुझं आणि तिचं बोलणं कसं व्हायचं मला माहीत आहे, तू मराठीत, ती इंग्रजीत, मधल्या पुलावर कुठेतरी भेट. ती म्हणाली, "सांगितलं होतं. यू टुक इट फ्रॉम हर."

"हो."

"शी वॉजन्ट गोइंग टु ओपन इट, मावशी. यू नो दॅट, राइट?"

मी डबी या हातातून त्या हातात घेतली.

"तिला आजीला तिथे थोडा वेळ बसवायचं होतं. दॅट्स ऑल. ती म्हणायची, आजीला असं देवळात नेता येत नाही, आणि तेव्हा तेरा दिवस मलाही जाता आलं नाही. हे असं देऊळ होतं जिथे दोघींना अलाउड होतं. सो, जस्ट सिट. फॉर अ फ्यू मिनिट्स."

दोन मिनिटं म्हणाली होतीस. नेमकी दोन मागितली होतीस.

तुझ्यावर मी चिडले, हेही लिहून ठेवते. तू मला सांगू शकत होतीस. आठ वर्षं होती, कोथिंबीर नेताना सांगता आलं असतं. लेकीला सांगितलंस, मला नाही, कारण मी विचारायला हवं होतं असं तुझं म्हणणं असणार. बरोबरच आहे. ऑफिसमध्ये कोणी काही मागितलं तर मी पहिला प्रश्न विचारते, नक्की काय करायचंय तुम्हाला? पंचवीस वर्षं हा प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळतो. तुला विचारला नाही. बाकी कुठल्याही गोष्टीचं मला वाईट वाटत नाही, वेळापत्रकाचं नाही, तुझ्या भाजीच्या कॉलमचंही नाही. याचं वाटतं, आणि हे कुठल्याच फळीवर ठेवता येत नाही.

सईनं माझ्याकडून डबी घेतली. अर्धवट लेबलावरून अंगठा फिरवला, 'भा' वाचलं. पान्ह्यांच्या वरच्या फळीवर हात उंच करून तुझ्या खोक्याशेजारी ती डबी ठेवली. खोकं मोठं, डबी एवढीशी. तुझी आई तुझ्या खांद्यालासुद्धा लागत नव्हती म्हणायचीस.

पुढचं त्यांचं ठरलंय. डिसेंबरात विलास आणि सई नागपूरला जातील, दोघींना रामटेकला नेतील. मी तिकिटांच्या तारखा काढून देते म्हटलं. सई म्हणाली, "आय नो यू विल." मग म्हणाली, "मावशी, कॅन वी जस्ट लीव्ह देम लाइक धिस फॉर अ बिट? मी इथेच बसते. तुला जायचं असेल ना?"

दहाला सात मिनिटं कमी होती.

मी टायरवाल्याला फोन करून अपॉइंटमेंट कॅन्सल केली. पुढची कधी हवी म्हणाला, म्हटलं, मग कळवते. भिंतीला टांगलेल्या तुमच्या बागेतल्या दोन घडीच्या खुर्च्या काढल्या, झटकल्या, फळीकडे तोंड करून मांडल्या. चपला दाराशी काढल्या. गॅरेजमध्ये कोणी चपला काढत नाही. सईनं माझ्याकडे बघितलं आणि तिनंही काढल्या. एप्रिलची फरशी पायाला गार लागत होती.

बसलो. किती वेळ, ते बघितलं नाही.